काळी पेन्सिल, तांबडी पेन्सिल

आमच्या ह्यांचा गुडघा बुधवारी बदलायचा होता आणि त्याआधीच्या रविवारी बेसबॉलची मॅच होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, नवा गुडघा बसला की चाला, जिने चढा, सफरचंदाच्या झाडाखाली वाका, पण धावणं बंद. म्हणजे ही शेवटची मॅच. "बहात्तराव्या वर्षी शेवटची मॅच खेळायला मिळते हेच खूप झालं," असं मी म्हटलं, तर हे रविवारी भल्या पहाटे उठून बुटांच्या नाड्या बदलत बसले. पन्नास वर्षं तातामी, म्हणजे घरात जमिनीभर अंथरायच्या गवताच्या जाड चटया, बनवणारा माणूस, दिवसाचे दहा तास गुडघ्यांवर. ते गुडघे इतकी वर्षं टिकले कसे ह्याचंच मला नवल वाटतं.

आमची लीग आता साठी उलटलेल्यांची. रविवारी सकाळी आठला नदीकाठच्या मैदानावर जमायचं, सात डाव खेळायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी. नियम जरा सैल आहेत. पहिल्या बेसपर्यंत ज्याचं त्यानं धावायचं. तिथं एकदा पोचलं की पुढे दम नसेल तर दुसरा कोणीतरी त्याच्याऐवजी धावतो. पण पहिला बेस मात्र स्वतःच्या पायांनीच गाठायचा. त्यात कोणाची गय नाही.

मी संघाची वही लिहिते. गेली अडतीस वर्षं. शाळेत असताना मी बेसबॉलच्या पोरांची मॅनेजर होते. मॅनेजर कसली, त्यांचे मोजे धुवायचे, बार्लीचा चहा करायचा आणि कोणी काय मारलं, कोणी काय सोडलं ते वहीत मांडायचं. मोजे विसरले, वही अंगात राहिली. आमचा योमोगी संघ सुरू झाला तेव्हा वही लिहायला कोणी मिळेना. हे म्हणाले, "आमच्या इकुयोला येतं." झालं. तेव्हापासून बाकाच्या टोकाची जागा माझी.

वहीला दोन पेन्सिली लागतात. माणसानं चेंडू मारून स्वतःच्या बळावर बेस गाठला तर ती हिट, ती तांबडीनं काढायची. बाकी सगळं काळीनं. आणि समोरच्याच्या हातून चेंडू सुटला म्हणून कोणी बेसवर पोचला, तर ती हिट नव्हे, ती समोरच्याची चूक. ती काळीनं. हिट का चूक, हे ठरवणार मी. त्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीत नाही. न्हाव्याच्या दुकानात पाच पाच मिनिटं माझ्या नावानं शंख झालाय, पण एक रेघ मी बदललेली नाही.

तर ह्यांच्या त्या दिवसापर्यंत चारशे नव्याण्णव हिट होत्या.

सगळ्या गावाला ठाऊक होतं. उसुई न्हावी, म्हणजे आमचा कप्तान आणि ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त, त्यानं बर्फाच्या पेटीत पुष्पगुच्छ लपवून आणला होता. त्याच्याखाली साकेची, तांदळाच्या दारूची, मोठी बाटली. एका चादरीवर 'पाचशे' असं ब्रशनं लिहून आणलं होतं आणि ती चादर बाकाखाली गुंडाळून ठेवली होती.

"वहिनी, आज एकच पाहिजे," उसुई म्हणाला. "एक! तोरा झोपेत मारेल." ह्यांचं नाव तोराओ, पण दोस्तांना ते तोराच.

"झोपेतच मारायला लागेल," मी म्हटलं. "रात्रभर गुडघ्याला पट्ट्या लावत होते."

हसलो आम्ही. पण खरं सांगू? मला हसू येत नव्हतं. माझ्या पिशवीत भाताचे गोळे होते, नोझावानाचं लोणचं होतं, थर्मास होता, आणि सगळ्याच्या तळाशी एक जुनी वही होती. अकरा नंबरची. ती मी का आणली होती ते मलाच धड सांगता आलं नसतं. त्या वहीत एक रेघ खोटी आहे. माझ्या हातची.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लोकांनी नवी घरं बांधताना तातामी घालणं सोडून दिलं होतं, सगळीकडे लाकडी जमिनी. दुकानात काम नव्हतं. एका रात्री गवताचा व्यापारी आणि त्याचा भाऊ जेवायला होते. मी वाढता वाढता म्हटलं, लाकडी जमिनीवर पसरायला छोट्या छोट्या चटया बनवल्या तर? ह्यांनी वाटीतून डोकं वर न काढता सांगितलं, "तू नुसत्या किनारी शिवतेस. धंद्यातलं तुला काय कळतंय?"

परक्या माणसांसमोर. आणि ती दोघंही हसली.

तातामीची कापडी किनार शिवायची म्हणजे काय असतं ते करून बघा एकदा. माझी बोटं बघा. पण मी काही बोलले नाही. मी बोलायला लागले की थांबत नाही, म्हणून अशा वेळी बोलतच नाही. दुसऱ्या दिवशी शिनमाची संघाशी मॅच होती. ह्यांनी असा काही सणसणीत चेंडू मारला, की शॉर्टला, म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे, उभ्या असलेल्या हानाओकाचा हात त्याच्या वाऱ्यालाही लागला नाही. लख्ख हिट. मी तांबडी उचलली, आणि खाली ठेवली. काळी घेतली. शॉर्टची चूक, असं लिहिलं.

एवढंच. बायकोचा सूड, पेन्सिलीएवढा.

हानाओका, पोस्टात होता तो तेव्हा, मॅच संपल्यावर वही बघून माझ्याकडे आला. "वहिनी, मी त्याला हात तरी लावला का?" मी म्हटलं, "वहीत लिहिलं ते लिहिलं." तो गेला. हे तर वही कधी उघडूनही बघत नाहीत. नंतर वर्षभराची बेरीज झाली, वर्षअखेरीच्या जेवणात वाचून दाखवली गेली. तेव्हा ह्यांच्या दोनशे तीस-चाळीस हिट होत्या. वाटलं, एका हिटनं काय होतंय! सहा वर्षांनी ह्यांनी त्याच छोट्या चटया बनवायला घेतल्या, त्यांच्यावर आमचं घर चाललं. पण बोललेला शब्द काही परत घेतला नाही. मीही रेघ परत घेतली नाही. रबर हातात घेऊन कितीदा तरी बसले असेन. पुसलं असतं तर सांगावं लागलं असतं. आणि ज्या बाईची वही म्हणजे दगडावरची रेघ, तिनं कसं सांगायचं?

म्हणून त्या रविवारी मी मनात एकच धरून बसले होते. आज ह्यांनी एक खरी हिट मारावी. पाचशे होतील, चादर फडकेल, आणि ती अकरा नंबरची वही मी गुपचूप परत माळ्यावर टाकीन.

पण मॅच कसली ती! मी जन्मात एवढी गबाळी मॅच पाहिली नाही. समोर तेच शिनमाची. आदल्या आठवड्यात सगळ्यांची सफरचंदं उतरवून झाली होती, एकाचाही खांदा जागेवर नव्हता. आमच्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, पहिल्याच डावात सहा जणांना चार चार वाईट चेंडू टाकून फुकट बेसवर पाठवलं. त्यांच्या पिचरनं लाज राखायला सात जणांना पाठवलं. चेंडू अंगावरून जातोय, दोन पायांतून जातोय, एकानं तर पकडून आपल्याच माणसाच्या पाठीत मारला. पहिले दोन डाव संपायला सव्वा तास लागला आणि धावा नऊ-सात. मी पेन्सिलीला दोनदा टोक काढलं. काळ्या पेन्सिलीला. तांबडीचं टोक सकाळी होतं तसंच.

पहिल्या खेपेला ह्यांना चार वाईट चेंडू मिळाले. बेसवर फुकट. हिटचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या खेपेला ह्यांनी तिसऱ्या बेसकडे बरा चेंडू मारला. तिथला म्हातारा खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. कंबर धरली बिचाऱ्याची. चेंडू त्याच्या बुटाला लागून थांबला. हे लंगडत पोचले. उसुई नाचायला लागला, चादरीला हात घातला.

"ठेवा ती खाली," मी ओरडले. "चूक आहे. समोरून आलेला चेंडू."

"वहिनी, त्याची कंबर धरली!"

"कंबर धरली म्हणून हिट होते का? मग तर आपल्या सगळ्यांच्या हजार झाल्या असत्या."

तिसऱ्या खेपेला उंच चेंडू. डावीकडचा गडी त्याच्या बरोबर खाली उभा राहिला, तोंड वर, आणि चेंडू त्याच्या पलीकडे चार हातांवर पडला. "सूर्य! सूर्य!" असं तो ओरडत होता. सूर्य त्याच्या पाठीमागे होता. काळी.

चौथ्या खेपेला ह्यांच्या पाठीतच चेंडू बसला, म्हणजे पुन्हा फुकट बेस. पिचर टोपी काढून इतका वाकला की टोपी हातातून पडली.

"अहो, लागलं का?" मी विचारलं.

"माळ्यावरून गवताचा भारा पडतो त्याच्यापेक्षा कमी," हे म्हणाले आणि पहिल्या बेसवर जाऊन पाठ चोळत उभे राहिले. माझ्याकडे बघून हसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली संसाराला, ह्या माणसाला वेदना झाली की हा हसतो. मला ते हसू बघवत नाही.

एव्हाना अकरा वाजून गेले होते. अकरा ते एक मैदान गेटबॉलच्या बायकांचं, लाकडी हातोड्यांनी चेंडू टोलवायचा तो म्हाताऱ्यांचा खेळ. पंधरा-सोळा आज्या हातोडे घेऊन येऊन ठेपल्या. त्यांची म्होरकी तोमे आजी, अठ्ठ्याऐंशीची. मी धावत जाऊन माफी मागितली.

"किती झालेत?" तिनं विचारलं.

"पंधरा-चौदा. चौथा डाव चाललाय."

"चौथाच?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच चेंडू सोडत होते. मग माझ्या कानाशी येऊन, "आणि तोराओचं ते काय ते, झालं का?"

"नाही झालं."

"मग बसतो आम्ही," ती म्हणाली आणि सगळ्या जणी उतारावर सतरंज्या पसरून बसल्या. पाच मिनिटांत पर्सिमन फळांची टोपली फिरायला लागली आणि शेरेही. "अगं, तो टकल्या बघ, चेंडू गेल्यावर हात पुढे करतो." "आमच्या ह्यांचं पण तसंच होतं गं, सगळं गेल्यावर." हसून हसून एकीची कवळी सुटायला आली. मॅच संपूच नये असं त्यांना वाटत असावं. मला मात्र एकेक डाव मानेवर येऊन बसत होता.

पाचवा डाव गेला. सहाव्यात ह्यांची पाचवी खेप आली तेव्हा गुडघा इतका सुजला होता की पँटीच्या बाहेरून दिसत होता. मी म्हटलं, "बस झालं. उसुई, दुसऱ्याला पाठवा."

"मी नाही सांगणार त्याला," उसुई म्हणाला. "तुम्ही सांगा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बघितलंच नाही, बॅट घेतली नि गेले.

चेंडू शॉर्टकडे गेला. संथ, सरळ, शाळेतल्या पोरानंही उचलला असता असा. आणि हानाओका, अठ्ठावीस वर्षांनीही तिथंच उभा असलेला हानाओका, बाजूला झाला. पायरी चढून येणाऱ्या पाहुण्याला वाट द्यावी तसा. चेंडू त्याच्या शेजारून निवांत गवतात गेला.

हे बेसवर पोचले. आमचे ओरडले, त्यांचे ओरडले, आज्यांनी हातोडे आपटले. उसुईनं चादर अर्धी उघडलीसुद्धा.

मी काळी पेन्सिल उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"अहो वहिनी!" हानाओका तिथून ओरडला. "मी हात लावलेला नाही! हात न लावता चूक कशी?"

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ऐकलेलं हेच वाक्य. पण तो माझ्याकडे रोखून वगैरे बघत नव्हता, नुसता हसत होता, आपण केवढं मोठं काम केलं म्हणून.

"मुद्दाम सोडलात!" मी म्हटलं, आणि आवाज नको तितका चढला. "मुद्दाम सोडलं तरी चूकच ती. चेंडू तुमचाच होता."

"आजच्या दिवशी तरी!" उसुई हात जोडून म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

तेवढ्यात पहिल्या बेसवरून ह्यांचा आवाज आला. ह्यांचा आवाज चढलेला मी वर्षात दोनदा ऐकत असेन. "हानाओका! मला भीक नकोय. परत असं केलंस तर तुझ्या घरच्या तातामी मी बदलणार नाही, कुजल्या तरी."

हानाओकाचं तोंड एवढंसं झालं. "चुकलो रे तोरा," तो म्हणाला. मी चूक लिहिली. काळीनं. भीक नको म्हणणाऱ्या माणसाचं मी चोरलं होतं, ते त्याच्याच बाकावर बसून.

सहावा डाव संपला तेव्हा आम्ही एकवीस, ते वीस. सातव्यात त्यांनी तीन धावा काढल्या, त्यातल्या दोन तर आमच्या पिचरला शिंक आली म्हणून. तेवीस-एकवीस. शेवटचा डाव आमचा. साडेबारा वाजत आले होते. मैदानाचा रखवालदार दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा आला तो तोमे आजीशेजारी बसून पर्सिमन खायला लागला. माझ्या वहीची पानं संपली होती, मागच्या कोऱ्या पानावर रेघा आखून मी लिहीत होते. आमचे दोघे बाद झाले. मग एक फुकट, एक चुकीवर, एक पुन्हा फुकट, चेंडू फेकणाऱ्यानं दोनदा मागे भिरकावला, दोन जण फेरी पुरी करून आले. तेवीस-तेवीस. परत तिन्ही बेस भरले, म्हणजे आता मारणारा पहिल्या बेसवर पोचला की एक धाव. आणि आता कोण, म्हणून मी वहीत बोट फिरवलं. मोमोसे तोराओ.

आज्यांनी टोपली फिरवायची थांबवली. हे बाकावरून उठताना माझ्या खांद्यावर हात टेकून उठले. तसे एरवी कधी टेकत नाहीत.

"इकुयो," हे म्हणाले, "तांबडीला टोक आहे ना?"

"सकाळपासून आहे," मी म्हटलं.

पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याला बॅट फिरवली आणि ठप्प असा आवाज आला. काही जमलं नव्हतं. चेंडू तीन टप्पे घेत शॉर्टकडे. हानाओका ह्या वेळी वाट सोडायला नव्हता. पुढे धावत आला, खरोखर पकडायला, जीव तोडून. चेंडू त्याच्या हातमोज्यात बसला. हे अजून अर्ध्या वाटेवर होते, एका पायानं उडी आणि दुसऱ्यानं फरफट. गेलं, मी मनात म्हटलं. आणि हानाओकानं घाईत चेंडू काढला तो त्याच्याच छातीवर आपटून खाली पडला. उचलला. पुन्हा निसटला. हे पुढे झोकांडले, हातांनी बेस धरला आणि पालथे पडले.

बेस गाठला. धाव झाली. चोवीस-तेवीस. जिंकलो.

मग जो काय गोंधळ झाला! उसुई पुष्पगुच्छ घेऊन धावला, बर्फाचं पाणी गळतंय. चादर उघडली. शिनमाचीचेही ह्यांना उठवायला धावले. आणि मग एकेक करून सगळे थांबले, आणि वळून माझ्याकडे बघायला लागले.

"तांबडी!" तोमे आजी उतारावरून ओरडली. तिला बेसबॉलमधलं डोंबलही कळत नाही. मग सगळेच, "तांबडी! तांबडी!"

मी तांबडी हातात घेतली. खरं तेच सांगते, मी तिचं टोक कागदावर टेकवलं. मला वाटलं, एक खोटी चूक तेव्हा लिहिली, एक खोटी हिट आज लिहिते. फिटलं. कोणाला कळणार आहे? पाचशे ते पाचशेच होतील. कोणाचं काही जात नाही.

वर बघितलं तर हे पहिल्या बेसवर बसले होते, कपाळाला चुना लागलेला, आणि माझ्याकडे बघत हात हलवत होते. नाही. नाही. मग दोन बोटं वळवून चेंडू सुटल्याची खूण केली. चूक आहे, इकुयो. काळी.

मी काळी घेतली. शॉर्टची चूक, असं लिहिलं. बाकावर सगळ्यांनी बघितलं आणि "अरेरे" असा एक लांबच लांब आवाज झाला. हानाओका तर रडकुंडीलाच आला होता. "मी खरंच पकडत होतो रे," असं परत परत म्हणत होता.

आणि मग मी पिशवी उपसली. भाताच्या गोळ्यांचे डबे बाकावर, थर्मास खाली, तळातून अकरा नंबरची वही. दोन्ही पेन्सिली आणि रबर घेतलं आणि चालायला लागले. अडतीस वर्षांत मी मैदानाची पांढरी रेघ कधी ओलांडली नव्हती. वहीवाल्यानं मैदानात जायचं नसतं. ओलांडली. वाटलं, आता मलाच कोणीतरी बाद करणार.

ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत बोलले. मी बोलायला लागले की थांबत नाही.

"अहो, तुमच्या पाचशे केव्हाच झाल्यात. आज नाही, मागच्या महिन्यातच झाल्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुमची एक हिट मी खाल्ली. ह्याच हानाओकाच्या अंगावरून गेलेली. त्यानं हातसुद्धा लावला नव्हता. तरी मी चूक लिहिली. रागानं लिहिली. आदल्या रात्री तुम्ही मला जे बोललात त्याच्या रागानं. सगळे मला न्यायाधीश म्हणतात ना? ही बघा न्यायाधीश." आणि वही उघडून पुढे धरली. पान मला शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथंच उघडते.

उसुईच्या हातातल्या फुलांतून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

ह्यांनी वहीकडे बघितलंही नाही. "मला माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"हिट मारणाऱ्याला कळत नाही होय? बेसवर उभा होतो मी. तू तांबडी उचललीस, ठेवलीस, काळी उचललीस. सगळं बघितलं."

"आणि अठ्ठावीस वर्षं गप्प बसलात?"

"मग काय करू? त्या रात्री बोललो ते चुकलंच होतं. तोंडातून निघाल्याबरोबर कळलं. सकाळी वाटलं आता ही वही फेकून माहेरी जाते. तर तू येऊन बाकावर बसलीस, आणि एक हिट कापलीस फक्त." हे हसले. गुडघा फार दुखत असणार. "म्हटलं, स्वस्तात सुटलो."

रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढी वर्षं मी एकटीनं ओझं वाहिलं, आणि हा माणूस दुसऱ्या टोकाला धरून मुकाट चालत होता!

"मग आज कशाला एवढा जीव काढलात?" मी विचारलं. "पाचशे झाल्यात हे ठाऊक असताना?"

"पाचशे एक झाल्या असत्या," हे म्हणाले. "आणि तुला ती वही घरी परत नेता आली असती. पिशवीत बघितली मी सकाळी, लोणचं शोधताना."

आता मात्र मी रडलेच. उसुईनं दुसरीकडे तोंड फिरवलं. हानाओका तेवढ्यात पुढे आला आणि म्हणाला, "वहिनी, मग त्या दिवशीची माझी चूकही जाते ना? त्या हंगामातली ती एकच होती हो!"

"जाते," मी म्हटलं. "आजच्या सगळ्या मात्र राहतात."

हसले सगळे. ह्यांनी उसुईचा हात धरून स्वतःला उभं केलं, आणि माझ्याकडे पाठ करून जरासे वाकले. आधी मला कळेना काय चाललंय. मग कळलं. वही टेकवायला मैदानात दुसरं होतं काय? मी वही त्या पाठीवर ठेवली, घामेजलेल्या सदऱ्यावर, आणि रबर काढलं.

"तेवढं रबर आहेच हातात तर," हे पुढे बघतच म्हणाले, हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "त्या रात्री मी बोललो होतो ते पण पूस."

मी पुसायला लागले. अठ्ठावीस वर्षं मुरलेली पेन्सिल चटकन जात नाही. कागद पातळ होईपर्यंत पुसलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. मग तांबडीनं रेघ काढली. एवढा सुजलेला गुडघा, पण पुसून होईपर्यंत ह्यांनी पाठ जराही हलू दिली नाही.